सत्तारभाईची निघायची वाट

सत्तारभाई गेला त्याला सात महिने झाले. आमची कौसा गेली त्याला पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. लिहायचं होतं ते खरं तर कौसाबद्दल. पण बायकोबद्दल लिहायला बसलो की दोन ओळींत संपतं. चांगली होती, गेली. पुढं पेन हलत नाही. म्हणून सत्तारभाईबद्दल लिहितो. त्याच्यात ती मधे मधे येते, तेवढंच बरं वाटतं.

माझं शिक्षण चौथी. चुका असतील त्या असू द्या.

मी आधी विहिरी खोदायचो. कंधारकडं, जळकोटकडं, जिथं बोलावतील तिथं. मी खाली टिकाव मारायचो, कौसा वर मातीच्या टोपल्या घ्यायची. मग गावोगाव बोअर आले आणि विहिरी थांबल्या. आम्ही नांदेडला आलो आणि मी एका ठेकेदाराकडं लागलो. त्याला सगळे शेठ म्हणायचे. शेठचा धंदा काय, तर डॉक्टर, वकील, क्लासवाले यांच्या बंगल्यामागं पोहायचे टँक बांधून द्यायचे. ज्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी, तिथं एका माणसाला पोहायला नऊ फूट खोल पाणी. मी एकदा कौसाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुमाला काय करायचंय? खोदा आन गप बसा."

शेठकडं एक छोटी पोकलेन होती. मोठी पोकलेन बंगल्यामागं जात नाही, घर आणि कंपाउंडच्या मधली बोळ अरुंद असते. ही जायची. उंचीला केबिनसकट माझ्या दीडपट, रुंदीला एका बैलगाडीएवढी. रबरी पट्ट्यावर चालायची. पुढं लोखंडी हात, त्याच्या टोकाला दातेरी बकेट. तिच्यात बसायला एकच माणूस मावायचा आणि तो माणूस सत्तारभाई. मी खाली उभा राहून त्याला हात दाखवायचो, म्हणजे खुणा करायचो. मशीनला तो बारकी म्हणायचा. "बारकी आज तापली." "बारकीला जरा सावलीत घेतो." नवख्या माणसानं ऐकलं तर त्याला वाटावं की घरच्या लेकीबद्दल बोलून राहिलाय.

सत्तारभाई मूळचा कंधारचा. हडकुळा, उंच, दाढीला मेंदी, अंगात निळा शर्ट. बायको कधीच वारलेली, एक मुलगी धर्माबादला दिलेली. बारकीवर चढायच्या आधी चपला काढायचा. खाली पट्ट्याच्या मागं जोडीनं ठेवायचा, देवळाबाहेर ठेवाव्या तशा. मग बिस्मिल्ला म्हणून बसायचा. पण बकेट जमिनीला लावायच्या आधी घरमालकाला म्हणायचा, "नारळ फोडा की. मी मुसलमान असलो तरी जमीन तुमची हाय, तिला तुमच्या पद्धतीनं विचारा." कुणी घाई केली तर मशीन बंद करून खाली उतरून बसायचा. नारळ येईपर्यंत बसायचा.

टँक हा शब्द त्याच्या तोंडात नव्हता. हौद म्हणायचा. चिमूटभर माती बोटात चोळून, हुंगून सांगायचा, "ही दुपारपर्यंत उभी राहील, मग बसंल." आणि दुपारनंतर खड्ड्याची कड खरोखर ढासळून बसायची.

त्याची एक खोड सगळ्यांना माहीत होती. कुठल्याही जागेवर गेला की मागची बाग पाहायचा नाही. आधी बोळीत जायचा, दोन्ही हात पसरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मापायचा आणि विचारायचा, "हिथून बारकी निघंल का?" लातूरचे एक वकील वैतागले. म्हणाले, "अहो, ती अजून आत गेली नाही आणि तुम्ही निघायचं काय विचारता?"

"आत तर कुणी बी जातंय साहेब," सत्तारभाई म्हणाला.

त्याचं कारण होतं. या कामात लांबच्या टोकाला आधी खोदायचं आणि मागं सरकत सरकत बोळीकडं यायचं असतं. उलटं केलं, किंवा निघायला राखलेली जमिनीची पट्टी कापली, तर खड्डा पुढं आणि भिंत मागं, मशीन मधे अडकतं. तरुणपणी त्याच्याबरोबरचा एक ऑपरेटर असा अडकला होता. पुढं दहा वर्षं लोक त्याला 'कोपऱ्यातला' म्हणायचे. लग्नाच्या पंगतीत वाढणारे सुद्धा विचारायचे, कोपऱ्यातले पावणे जेवले का? सत्तारभाई हे सांगताना हसायचा आणि मग म्हणायचा, "मी बी लई हसलो त्याला. हसायला नको होतं."

त्याचा हात कसा होता हे सांगायला लातूरचीच एक गोष्ट पुरे. जुन्या वस्तीला लागून क्लासवाल्या सरांचा बंगला. चार फूट खोदून झालं होतं. एकदम त्यानं बकेट हवेतच थांबवली आणि मशीन बंद केलं. मला काही दिसलं नाही. सरांना वाटलं, डिझेल संपलं.

"खाली पोकळ हाय," तो म्हणाला.

"कशावरून?"

"हाताला कळालं."

मी पहार मारली तर पहार हातातून निसटून आत गेली. खाली जुनं पेव होतं, धान्य ठेवायचं. वर कुणाला पत्ता नाही. सरांचा ड्रायव्हर खुशीत आला, काहीतरी सापडंल म्हणून उतरायला निघाला. सत्तारभाई केबिनमधून असा ओरडला की तो माणूस जागीच बसला. मग त्यानं एक चिंधी पेटवून दोरीनं आत सोडली. हातभर खाली जाताच चिंधी विझली. दुसरी सोडली, ती पण विझली. तेव्हा सगळ्यांना कळलं की त्या हवेत माणूस उतरला असता तर तिथंच राहिला असता.

ड्रायव्हर त्याच्या पाया पडायला लागला. सत्तारभाई म्हणाला, "पाया नको पडू बाबा, चहा सांग. बिगर साखरेचा."

असा हात असलेल्या माणसाचे डोळे चालले होते, हे मला तीन महिने बरोबर काम करून कळलं नाही. कौसाला एका दुपारी कळलं.

नांदेडला आमच्या घराजवळच काम होतं. ती भाकरी, ठेचा आणि ताक घेऊन आली. सत्तारभाई माझ्या शेजारी जोत्यावर बसलेला. ती त्याच्या डाव्या हाताला उभी राहून म्हणाली, "भाई, ताक घ्या." त्यानं सबंध तोंड वळवलं, मग घेतलं आणि म्हणाला, "वैनी, तुमी मांजरावानी येता." आम्ही हसलो. ती हसली नाही.

संध्याकाळी चुलीपुढं बसून म्हणाली, "अवो, तुमच्या भाईला बाजूचं दिसत न्हाई."

"काय बी बोलू नको. त्यो मशीन चालवतोय."

"दुसऱ्या डावाला मी ग्लास त्याच्या कानाजवळ धरला. बोलले न्हाई. खाली-वर हलवला. तीनदा. त्यो समोर बघून भाकरी खात व्हता."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं. त्यानं मशीन बंद केलं, हसला. "वैनीनं पकडलं व्हय?" मग सांगितलं. काचबिंदू. थेंब चालू होते, पण डॉक्टरनं सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं जपा. समोरचं पाईपातून पाहिल्यासारखं दिसायचं, बाजूचं काहीच नाही. "टांग्याच्या घोड्याला झापडं बांधतेत ना, तसं झालंय बघ."

"शेठला माहीत हाय?"

"शेठला माहीत झालं तर मी उद्या धर्माबादला."

मी म्हटलं, लेक आहे, जावई आहे, काय वाईट आहे?

"जावई चांगला हाय. तेच तर वाईट हाय. दारात खाट टाकून देईल. टायमावर चहा देईल. आन मी त्या खाटेवर बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजायच्या. मारोतराव, मला या सीटवरनं कुणी उतरवलं ना, तर माणूस म्हणून माझं काय राहतंय सांग."

मी घरी येऊन हे सगळं कौसाला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, शेठला सांगा. ती बराच वेळ भांडी घासत राहिली. मग तिनं पेटीतलं जुनं लाल लुगडं काढलं, त्याचा हातभर तुकडा फाडला, कडा दुमडून शिवल्या आणि माझ्याकडं टाकला.

"ह्यो गळ्यात घाला. आन त्येच्या बाजूला उभं राहायचं न्हाई. समोर उभं राहायचं. त्येला दिसंल असं. दुसरं काई करू नका."

तेव्हापासून तीन वर्षं मी समोर उभा राहिलो. काम तेच, पण खुणा बदलल्या. लाल रुमाल उजव्या हातात आला की उजवीकडं काहीतरी आहे, डाव्या हातात आला की डावीकडं. डोक्यावर धरला की थांब. पांढऱ्या फक्कीनं आखलेल्या रेघेवर मी स्वतः उभा राहायचो, म्हणजे त्याला रेघ दिसली नाही तरी मी दिसेन. लोकांना वाटायचं म्हातारा लई उत्साही आहे, मशीनपुढं नाचतोय.

हे चुकीचं होतं. ते मी आज कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही, मला तेव्हाही कळत होतं. बकेटच्या फटक्यानं माणूस मरतो. जळकोटला एका शेतातल्या घरामागं काम चाललं होतं. माशी डोळ्यात गेली म्हणून मी एक क्षण खाली पाहिलं, तेवढ्यात बकेट फिरली आणि तुळशीवृंदावनाचा कोपरा उडाला. घरची म्हातारी तिथून नुकतीच आत गेली होती. सत्तारभाई उतरला. स्वतः सिमेंट कालवून कोपरा बसवला, वर हात फिरवून गुळगुळीत केला आणि तुळशीला म्हणाला, "माय, माफ कर. दिसलं न्हाई." म्हातारी म्हणाली, "किती देवभोळा माणूस!" मी त्या दिवशी ठरवलं की शेठला सांगायचं. घरी येईपर्यंत ठरवलेलं राहिलं नाही. रुमाल गळ्यात होता.

मग कौसा गेली. पोटात दुखतंय म्हणाली, आठ दिवस दवाखान्यात होती, नवव्या दिवशी नव्हती. सत्तारभाई मसणवट्यात आला होता. लांब, लिंबाखाली उभा होता, चपला काढून.

चौदावा झाला तरी मी कामावर गेलो नाही. शेठचा फोन यायचा, मी उचलायचो नाही. घरात बसायचो. ती जिथं बसायची त्या जागेकडं पाठ करून बसायचो, मग तोंड करून बसायचो. लेक-सुना पुण्याला, त्यांनी चार दिवस येऊन राहा म्हटलं. गेलो नाही.

एका सकाळी सत्तारभाई आला. कागदात गुंडाळून खजूर आणले होते. खाली बसला. मग म्हणाला, "लातूरला काम आलंय. एका डॉक्टरचं."

मी म्हटलं, "हं."

"जागा लई अडचणीची हाय. हौद झाल्यावर लांबच्या कोपऱ्यात मोटारघराचा, पाण्याच्या पंपाचा, खड्डा खोदायचाय. म्हंजी बारकीला तिकडं जाऊन परत यावं लागंल. कंपाउंडच्या कडेनं आठ फुटाची पट्टी राखावी लागंल, निघायला."

"हं."

"त्यांचा माळी हाय म्हणे, हात दाखवायला."

"मग बरं हाय की," मी म्हटलं.

आता लिहिताना दिसतं की तो मला बोलवायला आला होता. तेव्हाही दिसत होतं. चल म्हणाला असता तर मी चिडलो असतो, म्हणून त्यानं चल म्हटलं नाही. सगळ्या कामाचा नकाशा माझ्यापुढं मांडला आणि वाट पाहिली. मी त्याला चहा सुद्धा विचारला नाही. करायला कोण होतं?

तो उठला. दाराच्या बाजूला कौसाची पितळी घागर होती. तिनं दवाखान्यात जायच्या आधी भरलेली, मी ती रिकामी केली नव्हती. त्याचा पाय लागला. घागर आडवी झाली आणि सगळं पाणी उंबऱ्यावरून बाहेर गेलं.

मी ओरडलो, "दिसत न्हाई का?"

घागर सरळ करून ठेवत तो म्हणाला, "न्हाई, मारोतराव."

आणि गेला.

त्यानंतर बाराव्या दिवशी सकाळी लातूरहून माळ्याचा फोन आला. मशीन अडकलंय, मालक लई तापलाय, तुमचा नंबर चाचांच्या खिशात सापडला. कुणाला लागलं का, मी विचारलं. नाही म्हणाला. मी पेटी उघडून लाल रुमाल काढला, खिशात घातला आणि एसटी पकडली.

पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. दारात क्रेन उभी होती. आजूबाजूच्या गच्च्यांवर माणसं, हातात मोबाईल. मी बोळीतून मागं गेलो. हौद चांगला खोदला होता, कोपरे गुण्यात, अगदी काटकोनात. पण कंपाउंडच्या कडेची पट्टी जागेवर नव्हती. लांबच्या कोपऱ्यात मोटारघराचा खड्डा खोदताना बकेट बाजूला फिरत गेली होती आणि पट्टी फक्कीच्या रेघेच्या आत चार फूट कापली गेली होती. राहिलेली काळी माती रात्रीत बसली. बारकी कोपऱ्यात उभी. पुढं नऊ फुटांचा खड्डा, मागं भिंत.

माळी मला सांगायला लागला, "मी आंब्याखाली सावलीला हुभा व्हतो. दोनी हात वर करून वरडलो. पर चाचा माझ्याकडं बघायलाच तयार न्हाईत. मुद्दाम केल्यावानी."

कुठं उभा होतास, मी विचारलं. त्यानं दाखवलं. बरोबर बाजूला.

खड्ड्याच्या तळाशी, ढासळलेल्या मातीत, सत्तारभाईच्या चपला पडलेल्या. एक सुलटी, एक उलटी. कड गेली तेव्हा त्या पण गेल्या असणार.

सत्तारभाई शेठसमोर उभा होता. मी लांबून ऐकत होतो. "शेठ, दोन ट्रॉल्या मुरूम आणा. मी भरत भरत वाट करतो. चार तासात काढतो बारकीला." ते खरं होतं. त्यानं ते केलं असतं. पण शेठ त्याच्याकडं न बघता क्रेनवाल्याशी बोलत होता. डॉक्टर म्हणाले, "यांना आता मशीनला हात लावू देऊ नका." शेठनं केबिनची चावी मागितली. सत्तारभाईनं शर्टाच्या आतून काढली आणि दिली.

बारकीला साखळ्या बांधल्या आणि उचललं. ती घराच्या वर गेली, सोलरच्या वर, वाळत टाकलेल्या कपड्यांच्या वर. पट्ट्यांची माती खाली पडत होती. गच्चीवरून कुणीतरी शिट्टी मारली. सगळे वर बघत होते. सत्तारभाई मान वर करून तिला शोधत होता. आधी डावीकडं, मग उजवीकडं, सगळं डोकं फिरवून. ती त्याच्या डोक्यावरून गेली तरी त्याला सापडली नाही. मग त्यानं शोधायचं थांबवलं.

त्यानंतर तो सव्वा वर्ष धर्माबादला होता, दारातल्या खाटेवर. मी गेलो नाही. सात महिन्यांपूर्वी मुलीचा फोन आला. म्हणाली, अब्बा शेवटी शेवटी विचारायचे, मारोतराव कामावर जायला लागले का.

पण मला तो खाटेवरचा माहीत नाही. मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्या बोळीत.

क्रेन गेली, माणसं पांगली. मी बोळीत भिंतीला टेकून उभा होतो. सत्तारभाई मागून आला, अनवाणी. एक हात घराच्या भिंतीवर ठेवून, बोटांनी भिंत चाचपत, सरळ समोर बघत चालत होता. याच बोळीत पहिल्या दिवशी त्यानं दोन्ही हात पसरून माप घेतलं असणार. माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला. त्याच्या शर्टाला डिझेलचा वास होता. मी त्याच्या बाजूला होतो.

एक पाऊल पुढं टाकलं असतं तर मी त्याला दिसलो असतो. रुमाल खिशात होता, त्याच्यावर माझा हात होता.

तो बोळीच्या तोंडाशी गेला, उन्हात थांबला, आधी डावीकडं डोकं फिरवून पाहिलं, मग उजवीकडं, आणि रस्त्याला लागला.